कप्तानाला उतरवायची तालीम

‘रंगभूमी कुणासाठी थांबत नाही’ हे वाक्य ह्या घरात तीन पिढ्या उभं राहून उच्चारलं जात आलं आहे. आजोबांनी ते मृत्युशय्येवर उच्चारलं, आणि पुढच्या आठवड्यात बरे होऊन उठल्यावर आणखी एकदा उच्चारलं. प्रत्यक्षात रंगभूमी पुष्कळ जणांसाठी थांबली होती. एकदा आजोबांच्या दाढेसाठी थांबली. एकदा नायिकेचा उजवा बूट सापडेना म्हणून थांबली. आणि एकदा कपड्यांच्या पेटीत मांजर व्यायली, तेव्हा राजाच्या झग्यातून बाळंतिणीला उठवायची कुणाची छाती होईना, म्हणून पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत थांबली होती.

आबा मात्र कशासाठीच थांबत नव्हते. शनिवारच्या प्रयोगानंतर त्यांना कुणीतरी थांबवायला हवं यावर घरात एकमत झालं, आणि ह्या घरात एकमत ही गोष्ट पेटीत मांजर व्यायल्यापेक्षाही दुर्मिळ होती.

शनिवारी जहाज दोनदा बुडालं होतं.

‘कप्तान’ हे घरच्या नाटक कंपनीचं पोटापाण्याचं नाटक. एक म्हातारा कप्तान आपलं जुनं जहाज सोडायला तयार नाही, मुलगा त्याला किनाऱ्यावर ओढू पाहतो, आणि दुसऱ्या अंकाच्या शेवटी वादळात जहाज बुडतं. आबा कप्तान, आणि त्यांचा मुलगा दादा नाटकातही मुलगा. ही वाटणी दादाच्या केसांना कलप लागत नव्हता तेव्हापासूनची. नाटकातलं भांडण आणि घरातलं भांडण एकच आहे हे साऱ्या गावाला दिसत होतं. घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण नाटक चालू असताना घरातले सगळे कामात असत.

तर शनिवारी तिसऱ्या अंकात, बाप-लेक फुटक्या फळीवर सुन्न बसलेले असताना, आबा उठले, पुढे आले आणि खणखणीत आवाजात त्यांनी नांगर उचलायचा हुकूम सोडला. हा हुकूम पहिल्या अंकातला. पण कंपनीला शिस्त होती. खलाशांनी नांगर उचलला. ज्यांना जलसमाधी मिळून गेली होती ते विंगेत चहाचे कप खाली ठेवून पुन्हा डेकवर आले. प्रकाश आणि आवाज सांभाळणाऱ्या धाकटीने, आबांच्या शेंडेफळाने, मुकाट्याने दुसरं वादळ आणलं. जहाज दुसऱ्यांदा बुडालं आणि प्रेक्षक उभे राहिले. टाळ्या थांबेनात. एका समीक्षकाने तर लिहिलं की नियतीचं चक्र इतक्या धीटपणे यंदा कुणीच फिरवलं नव्हतं.

आबांनी ते कात्रण कापून पाकिटात ठेवलं आणि त्याविषयी चकार शब्द काढला नाही. त्यांची मुलगी ताई सावध झाली ती तेव्हा. आपली स्तुती छापून आलीय आणि आबा गप्प आहेत, असं तिच्या हयातीत घडलं नव्हतं. आजोबांनंतर दिग्दर्शनाची खुर्ची तिच्याकडे आलेली. आबांची प्रत्येक शांतता तिला मोजून ठाऊक होती, आणि ही त्यांतली नव्हती.

“ह्या वेळी टाळ्या पडल्या,” ती रात्री नवऱ्याला म्हणाली. “एक दिवस लोक हसतील. आबा चुकले तर मी सांभाळीन हो. पण त्यांना हसलेलं मला ऐकवणार नाही.”

त्यात दादाने वेगळंच घोडं पुढे दामटलं होतं. येत्या शनिवारी नवा हंगाम सुरू होत होता. “ह्या हंगामात एकतर मी कप्तान करीन, नाहीतर काहीच करणार नाही,” असं त्याने जाहीर केलं होतं. उद्वाहनं बनवणाऱ्या एका कंपनीने त्याला लिफ्टमध्ये बोलणारा आवाज म्हणून बोलावलं होतं. दादा घरात येता-जाता ‘दार बंद होत आहे’ हे तीन वेगवेगळ्या भावनांनी म्हणून बघत असे, आणि त्याची बायको, वहिनी, दर वेळी डोळे टिपत असे.

दादा गेला तर कंपनी बुडणार, आणि आबा राहिले तर आबा. ताईने सोमवारी दुपारी सगळ्यांना तालमीच्या खोलीत बोलावलं.

ही खोली लाकडी सामानाच्या एका कारखान्याच्या माडीवर होती. खालच्या करवतीला दम लागला की वरचे संवाद ऐकू येत. जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटवलेल्या: लाल म्हणजे राजवाडा, निळी म्हणजे जहाज, आणि हिरवी पट्टी कुठल्या नाटकातली कसली भिंत होती हे आता कुणालाच आठवत नव्हतं, तरी सगळे तिच्यातल्या दारानेच ये-जा करत. एका कडेला रंगवलेला समुद्र उभा करून ठेवला होता.

“बोलायचं कुणी?” वहिनीने विचारलं. कंपनीचे कपडे तिच्याकडे असत. तिच्या ब्लाउजला कायम चारदोन टाचण्या टोचलेल्या असत आणि बोलण्यातही एखादी.

“दादाने,” धाकटी म्हणाली.

“मी? भूमिका मला हवीय आणि ‘आबा, सोडा’ असंही मीच म्हणू? बरं दिसतं का ते? सोनारानेच कान टोचावेत.”

“आपल्यात सोनार कोण?”

सगळ्यांनी ताईकडे पाहिलं.

“मी एकटी नाही बोलणार,” ताई म्हणाली. “एकटीला ते गुंडाळतील. सगळे मिळून बोलू. पण आधी नीट बसवू.”

याला कुणी हरकत घेतली नाही. ह्या घरात महत्त्वाचं बोलणं तालमीशिवाय होत नसे. दादाने वहिनीला मागणी घातली तीसुद्धा रंगीत तालीम करून. त्या दिवशी वहिनीने गडबडीने अर्ध्या संवादातच होकार दिला, आणि दादाने “थांब, माझं अजून संपलं नाहीये,” असं म्हणून पहिल्यापासून सुरुवात केली होती. वहिनी अजून म्हणते, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

“दादा, तू इथून ये. निळ्या पट्टीच्या आत नको, ते जहाज आहे. वहिनी, तू आबांच्या डाव्या हाताला. धाकटे, तू आधी गप्प. मी खूण केली की म्हणायचं: आबा, तुम्ही आता विश्रांती घ्या.”

“कसल्या आवाजात?”

“तुझ्याच.”

“माझा आवाज कुठला ते मला काय ठाऊक? मी वादळ करते.”

“आणि आबा कोण करणार?” दादाने विचारलं.

इथे घोडं अडलं. दादाला आबा करून दाखवायची केव्हाची हौस होती, पण दादाला दादा करायचा होता. वहिनीचं स्वतःचं काम होतं. ताई समोर बसून बघणार होती. धाकटी म्हणाली, “मी आबांच्या खुर्चीत बसणार नाही. मला भीती वाटते.” खुर्ची साधी, घडीची होती.

तेवढ्यात जिन्यावरून जावई चहाची किटली घेऊन आले. ताईचे यजमान, नाट्यगृहाची तिकीटखिडकी सांभाळत. डोक्यावर केस बेताचे, नाकावर चष्मा, आणि लग्नाला इतकी वर्षं होऊनही रंगमंचावर एकदाही पाऊल न ठेवलेले घरातले एकमेव गृहस्थ. लग्नाच्या बैठकीत आबांनी त्यांना ‘काहीतरी म्हणून दाखवा’ म्हटलं होतं, तेव्हा त्यांनी बाराचा पाढा म्हटला होता. पुन्हा कुणी विचारलं नव्हतं.

“अहो, ती किटली ठेवा आणि इथे बसा,” ताई म्हणाली.

“का?”

“तुम्ही आबा.”

“मी फक्त चहा घेऊन आलोय.”

“काही करायचं नाहीये, भाऊजी,” वहिनीने समजूत घातली. “नुसतं बसा. मधे मधे ‘हं’ म्हणा. आम्हांला समोर कुणीतरी लागतं.”

खालची करवत थांबली आणि जावई बसले. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, गुडघ्यांवर हात ठेवले, आणि मग कुणी न सांगता, बसल्या बसल्या खुर्ची बोटभर मागे सरकवली. आबा नेमकं हेच करत. धाकटी एक पाऊल मागे सरकली.

“आबा,” दादाने हिरव्या पट्टीतल्या दारातून प्रवेश केला, “आम्हांला तुमच्याशी थोडं बोलायचं होतं.”

“बोला की. मी काय तोंडाला कुलूप लावलंय तुमच्या?”

दादा गडबडला. “ताई, हे ‘हं’ म्हणणार होते ना?”

“चालू दे,” ताई म्हणाली. “आबा तरी ‘हं’ कुठे म्हणतात?”

वहिनी पुढे सरसावली. “आबा, तुमच्या तब्येतीची आम्हांला काळजी वाटते हो.”

जावयांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. निवांत पाहिलं, एखादं गिऱ्हाईक कितवी रांग मागतंय ते समजून घ्यावं तसं. “सूनबाई, माझी तब्येत तुला कशावरून कळते?”

“म्हणजे... आपलं दिसतंच की.”

“दिसत नाही. कोटावरून कळते. कप्तानाचा कोट तू किती वेळा आत घेतलास, खरं सांग.”

वहिनीचा हात आपसूक टाचण्यांकडे गेला. “दोनदा,” ती म्हणाली. “तुम्हांला कळू नये म्हणून अस्तरातून घेतला.”

“मला कळलं. तुला कळू नये म्हणून मी छाती काढून चालत होतो.”

वहिनी एकदम खाली बसली. तिथे तिला बसायचं दिलं नव्हतं. ताईने घाईघाईने धाकटीला खूण केली.

“आबा, तुम्ही आता विश्रांती घ्या.”

“विश्रांती म्हणजे नेमकं काय करायचं असतं? मला दाखव करून.”

धाकटीने मदतीसाठी इकडेतिकडे पाहिलं. मग ती एका स्टुलावर बसली, हात मांडीवर ठेवले आणि खिडकीबाहेर बघू लागली.

“आणि हे किती वाजेपर्यंत?” जावयांनी विचारलं.

खालची करवत अजून थांबलेलीच होती. धाकटीचे डोळे भरून आले. ताईच्या लक्षात आलं की तालीम हाताबाहेर चालली आहे. पण ती दिग्दर्शिका होती, आणि हाताबाहेर गेलेल्या तालमीतच काहीतरी सापडतं हे तिला आबांनीच शिकवलेलं. तिने थांबवलं नाही.

“ते जाऊ द्या,” दादा म्हणाला. तो आता घाम पुसत होता. “स्पष्टच बोलतो. आबा, शनिवारी जहाज दोनदा बुडालं.”

“हो. आणि दोन्ही वेळा तू माझ्याबरोबर होतास.”

“मग काय करणार होतो?”

“थांबवायचंस की. ‘बाबा, जहाज बुडालंय,’ एवढंच म्हणायचं होतं. मी बसलो असतो खाली. का नाही म्हणालास?”

दादाचं पुढचं वाक्य ताईने लिहून दिलेलं होतं. त्यात ‘परंपरा’ हा शब्द दोनदा येत होता. दादाने तोंड उघडलं आणि तो दुसरंच बोलला.

“कारण तुम्ही माझ्याकडे बघत नव्हता. तुम्ही कधीच बघत नाही. तुम्ही समोर बघता, लोकांकडे. पहिल्या प्रयोगापासून मी तुमच्या कानाशी बोलतोय, आबा. तुमच्या डाव्या कानावरचा तीळ मला पाठ आहे. तुमच्या डोळ्यांचा रंग विचाराल तर आठवावा लागेल.”

जावई त्याच्याकडे बघतच होते. खिडकीच्या भोकातून एका वेळी एकच माणूस दिसतो, आणि त्याच्याकडे न बघता ‘नाही’ म्हटलं तर तो भांडतो, हे त्यांना धंद्याने शिकवलं होतं. त्यांना समोर बघायची दुसरी कुठली पद्धत येतच नव्हती.

“आता बघतोय,” ते म्हणाले. “आता म्हण.”

दादाने ते वाक्य म्हटलं त्यात भावना एकच होती.

“जहाज बुडालंय, आबा.”

“बरं,” जावई म्हणाले, आणि खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठू लागले. “मग उतरतो.”

यासाठीच तर सगळे जमले होते. ताईच्या टाचणांत पुढची ओळ होती: सर्वांच्या चेहऱ्यावर समाधान. पण वहिनी “नाही हो, आबा, असं कसं!” म्हणत धावली. धाकटीने खुर्ची मागून धरून ठेवली. दादाने जावयांचे दोन्ही खांदे दाबून त्यांना परत खाली बसवलं आणि म्हणाला, “कोण म्हणतं उतरा म्हणून? मी बघतो कोण म्हणतं ते! हा हंगाम तुमचाच, आबा. पुढचाही तुमचाच.”

“तुम्ही सगळे इतकं म्हणताय तर...” जावई म्हणाले.

ताईने कपाळाला हात लावला. अर्ध्या तासाच्या तालमीत तिच्या घरच्यांनी तिच्याच नवऱ्याची मनधरणी करून त्याला एका भूमिकेत राहायला राजी केलं होतं, जी त्याच्याकडे नव्हती. आणि तिलाही वाईट वाटलं नव्हतं, हे त्याहून वाईट.

“‘मग उतरतो’नंतर उठायची घाई केलीत, जावईबापू.”

आवाज समुद्राकडून आला. रंगवलेल्या लाटांमागून आबा बाहेर आले. एका बाजूचे केस चपटे झाले होते, गालावर चटईची नक्षी उठली होती.

धाकटीच्या हातून खुर्ची सुटली. ती म्हणाली, “आबा, तुम्ही इथे काय करताय?”

“दर सोमवारी करतो तेच. झोपलो होतो. खाली करवत चालू असली की छान लागते. ती थांबली आणि जाग आली.” ते पुढे येऊन ताईच्या खुर्चीत बसले, टाचणं तिथेच टाकून ताई उठलेली होतीच. “आणि मी खुर्ची मागे घेतो ती बोलायच्या आधी. बसल्याबरोबर नाही.”

“आबा, आम्ही आपलं...” ताईने सुरुवात केली.

“कळलं तुम्ही काय आपलं. शेवटचा तुकडा पुन्हा करा. तिळापासून.”

“आत्ता?” दादा पांढराफटक पडला.

“मी लाटेच्या मागे होतो. मला नीट दिसलं नाही.”

त्यांनी पुन्हा केलं. आपल्याला काढायची तालीम आबा पहिल्या रांगेत बसून, मांडीवर मांडी टाकून बघत होते. जावई होते तसेच बसले. त्यांना बदल करता येत नव्हता, त्यामुळे बिघडवताही येत नव्हतं. दादा सुरुवातीला अडखळला, मग समोरच्या नजरेला त्याची नजर लागली आणि आबा तिथे आहेत हे तो विसरला. ‘जहाज बुडालंय, आबा,’ हे वाक्य तो खऱ्या आबांच्या हाताच्या अंतरावर उभा राहून, दुसऱ्याच माणसाला, जवळजवळ कुजबुजत म्हणाला.

आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. ताई त्यांच्याकडे बघत होती आणि ही शांतताही तिच्या मोजणीत नव्हती.

“हा हे कधीपासून करतोय?” आबांनी दादाकडे बोट करत तिला विचारलं.

“काय?”

“हे. डोळ्यांनी.”

“पहिल्यापासून, आबा.”

“मला कुणी सांगितलं नाही.”

“तुम्ही त्याच्याकडे पाठ करून उभे असता,” ताई म्हणाली.

“नायक समोर बघूनच उभा राहतो. आजोबा तेच शिकवायचे.” त्यांनी गालावरची नक्षी चोळली. “ह्या पोराला मी समोरून कधी पाहिलंच नाही. बरा आहे.”

आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते दादाला मिळालं, आणि ते ‘बरा आहे’ असं निघालं. तरी त्याचे कान लाल झाले. वहिनीने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच मुद्द्याचं विचारलं, “म्हणजे कप्तान आता हेच करणार ना, आबा?”

“नाही. कप्तान जावईबापू करतील.”

खालून करवत सुरू झाली, पण वहिनीचा आवाज तिच्यावर चढला. “काय? इतकी वर्षं वाट पाहिली ती ह्यांनी, आणि आता तोंडाला पानं पुसायची? ताई, तुम्ही तरी बोला! की घरातल्या घरात आधीच ठरलं होतं तुमचं दोघांचं? तरीच म्हटलं, किटली नेमकी तेव्हाच कशी आली!”

“वहिनी, चहा तूच सांगितला होतास.”

“मी सांगितला म्हणून काय, कुणीही आणावा?”

“मला कुणी विचारणार आहे का?” जावयांनी विचारलं.

“नाही!” हे मात्र सगळे एका सुरात म्हणाले.

“मला नको,” दादा म्हणाला.

वहिनीला वाटलं, करवतीमुळे आपलं ऐकण्यात काही चुकलं. “काय नको?”

“कप्तान नको. अगं, मी कप्तान झालो की काय होईल माहितीय? दुसऱ्याच प्रयोगाला मीसुद्धा समोर बघायला लागेन. माझं रक्तच तसलं आहे. मला भाऊजींपुढे मुलगाच करू दे. एकदा तरी. कुणीतरी ऐकतंय असं समजून.”

“तुम्ही भाऊजींपेक्षा मोठे आहात! वडिलांपेक्षा मुलगा मोठा, लोक काय म्हणतील?”

“दाढी लावली की वय कोण विचारतं,” आबा उठत म्हणाले. “आणि एक लक्षात ठेवा. मला काढणारा अजून जन्माला यायचाय. मला कुणी काढलेलं नाही. मी ह्यांना नेमलंय.”

सुंभ जळला होता. पीळ जागच्या जागी होता. ताईला हायसं वाटलं.

ती त्यांच्याबरोबर जिन्यापर्यंत गेली. तिसऱ्या पायरीवर आबा कठड्याला धरून थांबले.

“शनिवारी मला वाटलं, पडदा आत्ताच वर गेलाय,” ते तिच्याकडे न बघता म्हणाले. “ते टाळ्या वाजवत होते आणि मला कळेना, पहिल्याच अंकाला एवढ्या टाळ्या का. तू सांगणार होतीस ना मला?”

“त्याचीच तर तालीम चालली होती.”

“मग ठीक.” ते आणखी दोन पायऱ्या उतरले. “पण वाईट बसवली होतीस. टाचणं वाचली मी. परंपरा काय, दोनदा? एकदा पुरे. आणि खिडकीवर आता बसणार कोण?”

हा प्रश्न खरंच कुणाच्या डोक्यात आला नव्हता.

“मी बसतो,” आबा म्हणाले. “मी नुसता उभा राहिलो तरी माणसं रडायची. तिकीट विकायला काय अक्कल लागते?”

शनिवारपर्यंतचे दिवस कसे गेले ते कंपनीत अजून कुणी नीट सांगत नाही. जावई आंघोळीतही हुकूम सोडत होते. वहिनीने दोन दिवस ताईशी अबोला धरून कोट पुन्हा सैल केला, आणि त्यातली ती अबोल्याची शिवण ताईला तेवढी दिसली. जाहिरातीचे फलक आधीच लागले होते, त्यांच्यावर दाढीतले आबा होते. ते बदलायला वेळ नव्हता, म्हणून ‘प्रयोगाच्या आधी बदल जाहीर करू’ असं ठरलं. जाहीर करायचं काम धाकटीकडे होतं. ऐन वेळी तिचा धीर झाला नाही. तिने जहाजाची शिट्टी वाजवली आणि पडदा वर गेला.

ताई सगळ्यांत मागे, दाराशी, अंधारात उभी होती. सवयीने ती संवादांच्या आधी ओठ हलवत होती, आणि तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला तिने श्वास रोखून धरला. फुटक्या फळीवर दोघं बसले होते. कप्तानाने मान वळवली आणि मुलाकडे पाहिलं. नाटकाच्या संहितेत हे कुठेच नव्हतं. दादा जे बोलला ते मागच्या रांगेत नीट ऐकूही आलं नाही, तरी मागच्या रांगेतली माणसं पुढे झुकली. हसलं कुणी नाही. नांगर जागच्या जागी राहिला. जहाज एकदाच बुडालं.

पडदा पडल्यावर ती बाहेरच्या दालनात गर्दीतून फिरली, लोक काय बोलतात ते ऐकत. “आबांचा आवाज आज जरा बसला होता,” एक गृहस्थ कोट चढवत म्हणाले, “बाकी तेच काम. वर्षानुवर्षं तेच.” त्यांच्या पत्नी म्हणाल्या की जवळून पाहिले तर आबा अजूनही किती तरुण वाटतात. दुसऱ्या एकाने मुलाचं काम करणाऱ्याचं कौतुक केलं आणि हा नवीन आहे का, असं विचारलं. कप्तान बदललाय हे हजार माणसांत एकालाही कळलं नव्हतं.

तक्रार त्या दिवशी एकच आली: खिडकीवर बसवलेला नवा म्हातारा सुटे द्यायला फार वेळ लावतो.